बिनशिट्टीचा कुकर: भाज्यांच्या नोंदी

21 जून 2025, शनिवार

विजेचा कुकर आला. 5.7 लिटरचा, 1000 वॅटचा, आत स्टीलचं भांडं. वरण-भातासाठी घेतलेला नाही. ते गॅसवरच्या कुकरात एकावर एक डबे ठेवून छान होतं, तसंच होत राहील. हा भाज्यांसाठी. मी साडेआठला घर सोडते, आईंना (म्हणजे सासूबाईंना) गुडघ्यांमुळे ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही. भाजी लावून खुर्चीत बसता आलं पाहिजे, एवढाच हेतू. ऋषिपंचमी 28 ऑगस्टला आहे. तोवर नेहमीच्या भाज्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावायचा.

अडचण अशी की आमच्या घरातलं सगळं ज्ञान शिट्ट्यांत आहे. आईंच्या वहीत ‘बटाटे 3, मग बारीक गॅसवर 5 मिनिटं’, ‘सुरण 2’, ‘बीट 5’ असं लिहिलेलं. या कुकराला शिट्टीच नाही. गॅसवरच्या कुकरात दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोने वाढला की वरचं वजन उचललं जातं आणि वाफ सुटते. तेव्हा आत 120 अंशांच्या आसपास तापमान असतं. हा विजेचा 0.7 ते 0.8 किलोवरच थांबतो, म्हणजे 115 ते 117 अंश, आणि तिथे टिकून राहण्यासाठी हीटर आपला आपण चालू-बंद करतो. वाफ बाहेर जातच नाही. बरं, गॅसवरसुद्धा शिट्टी किती वेळाने होते हे आच किती मोठी आणि आत ऐवज किती यावर ठरतं. त्यामुळे एका शिट्टीला अमुक मिनिटं असा सरळ गुणाकार करता येणार नाही. प्रत्येक भाजी नव्याने लावून बघावी लागणार.

आज फक्त पाणी. 1 कप (250 मिली) पाण्याला पिन (दाब भरला की झाकणावर वर उचलली जाते ती) वर यायला 5 मिनिटं, 1 लिटरला 9. पॅनेलवर दोन्ही वेळा ‘3 मिनिटं’ लावली होती. ती मोजणी पिन वर आल्यावर सुरू होते. त्याआधीच्या वेळाचा पॅनेलवर पत्ताच नाही.

22 जून

बटाटे. मध्यम, सालीसकट, जाळीवर, खाली 1 कप पाणी. हाय प्रेशर, 10 मिनिटं.

अर्धा किलो आधी. 10 मिनिटं झाल्यावर लगेच झडप उघडून वाफ काढली. साली फाटल्या, एक बटाटा तर मधोमध उकलला. कारण उघड आहे: बटाट्याच्या आतलं पाणी 100 अंशांच्या वर असतं आणि बाहेरचा दाब एकदम गेला की ते आतल्या आत उकळून साल फोडतं. दुसऱ्या वेळी झडपेला हात न लावता वाफ आपोआप जिरू दिली. साली शाबूत, सोलताना हाताला पाणी नाही, भाजी आणि वड्यांना कोरडा बटाटा. आई म्हणाल्या, “कुकर पडल्याशिवाय उघडू नये हे सांगायला मशीन कशाला हवं?” बरोबर आहे.

मग दोन किलो. पिन वर यायलाच 12 मिनिटं, वाफ जिरायला 20. पॅनेलवरचा आकडा तोच 10, पण वरचे बटाटे जास्त शिजले. म्हणजे शिजण्याचे तीन भाग धरायचे: चढ, मुक्काम आणि उतार. बटाट्याला चढ-उतार थोडे लांबले तरी चालतं. कोवळ्या भाजीला चालणार नाही असं वाटतंय.

28 जून

तेच झालं. फरसबी, पाव किलो, दीड-दोन इंचाचे तुकडे. पुस्तिकेत ‘1 ते 2 मिनिटं’ लिहिलंय. 2 मिनिटांना गाळ, शिवाय रंग मेंदीसारखा. 1 मिनिटाला गाळ नाही, पण रंग तसाच.

रंगाचं कारण आम्लात आहे. भाजी तापली की तिच्यातली आम्लं सुटतात आणि हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो, म्हणून हिरव्याचा मळकट होतो. झाकण न ठेवता शिजवलं की त्यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात. कुकरात ती कोंडली जातात. चिमूटभर सोडा घालून रंग राखता येतो, पण फरसबी बुळबुळीत होते आणि जीवनसत्त्वंही जातात. सोडा बाद.

आज ‘0 मिनिटं’ लावून पाहिलं. ऐकायला विचित्र, पण कुकर ते घेतो. पिन वर येते आणि तिथेच काम संपतं. सगळं शिजणं चढीत. झडप लगेच उघडली, फरसबी ताटात पसरली. रंग पोपटी, दाताखाली किंचित कुरकुर. भांड्यात पाणी उकळतं घेतलं तर चढ आणखी तोकडी होते आणि रंग आणखी टिकतो. फ्लॉवरचे मोठे तुरेही 0 वर छान. त्याच दिवशी गवार 1 मिनिट, तीही पसंत पडली. गवारीच्या रंगाचं कुणाला फारसं पडलेलं नसतं.

वाफ काढताना कुकर वरच्या कपाटाखाली नको. प्लायवूड फुगतं. खिडकीशी सरकवायचा आणि झडप उलथन्याच्या दांड्याने ढकलायची, बोटाने नाही.

4 जुलै, शुक्रवार. कांदेनवमी

परवा एकादशी, तिथून चातुर्मास. आमच्याकडे कांदा, लसूण, वांगं कार्तिकीपर्यंत बंद. म्हणून आज भरली वांगी, भरपूर कांद्याची.

ही नोंद सविस्तर लिहिते, कारण मराठी भाज्यांचा विजेच्या कुकराशी जो मूळचा तंटा आहे तो इथे नीट दिसतो. मसाल्यात दाण्याचं कूट, खोबरं, तीळ, गूळ, चिंच, गोडा मसाला. परतायच्या बटणावर फोडणी केली, कांदा तांबूस केला, वांगी ठेवली, अर्धा कप पाणी, झाकण. पिन वर यायच्या आतच पॅनेलवर ‘बर्न’. या कुकराच्या तळाशी तापमान बघणारा सेन्सर असतो. तळावर दाट काही चिकटलं की तिथली उष्णता वर जात नाही आणि तो घाबरून हीटर बंद करतो. आपल्या रस्सा-भाज्यांत दाट न होणारं असतं काय? कूट खाली बसतं, गूळ चिकटतो, बेसन तर विचारूच नका.

झाकण काढून उलथन्याने बूड खरवडलं. थोडं पाणी वाढवून पुन्हा लावलं असतं तर चाललं असतं, पण वांग्याच्या भाजीचं पातळ कालवण झालं असतं. इथे वाफ बाहेर जात नसल्यामुळे घातलेलं पाणी आटत नाही, उलट भाजीचं स्वतःचं त्यात भर घालतं. म्हणून रीतच बदलली. भांडं धुऊन तळाला दीड कप साधं पाणी, वर जाळी, जाळीवर पसरट डब्यात सगळी वांगी त्यांच्या मसाल्यासकट, डब्यात पाणी फक्त पाव वाटी. डब्यावर ताटली. हाय, 4 मिनिटं, 5 मिनिटं वाफ जिरू दिली, उरलेली काढली. वांगी अख्खी, देठापाशी सुरी लोण्यात जावी तशी गेली, मसाला पोटातच राहिला. तेल कडेला सुटलं नव्हतं, ते वेगळ्या कढईत तीन-चार मिनिटं परतल्यावर सुटलं. आई म्हणाल्या चव आली, पण कढईत न्यायचीच होती तर आधीपासून कढईतच का नाही? मी म्हटलं, “तुम्ही तेवढा वेळ बसलात ना?” त्यावर काही बोलल्या नाहीत, पण वांगं दुसरं वाढून घेतलं.

तक्त्यासाठी: कूट, गूळ, बेसन, साखर झाकण उघडल्यावर. जिथे ते मसाल्यातच असतं तिथे डबा आणि जाळी.

वांग्याचं भरीत मात्र इथे करायचंच नाही. वांगं मऊ होतं, पण आचेवर न भाजलेलं भरीत म्हणजे नुसता लगदा.

6 जुलै, रविवार. आषाढी एकादशी

रताळी आणि उपासाची बटाट्याची भाजी करायची होती. कुकर उघडला आणि कांदेनवमी अजून आतच होती. झाकणाच्या सिलिकॉनच्या रिंगेला कांदा आणि गोडा मसाला यांचा वास. भांडं स्टीलचं असल्यामुळे स्वच्छ, झाकण स्वच्छ, पण रिंग वास धरून ठेवते. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवून झाली, लिंबू घासून झालं. उन्हात वाळवावी तर पुण्यात आठवडाभर ऊन नाही. आईंनी हात जोडले: “उपासाला नको गं बाई.” उपासाचं सगळं गॅसवर झालं. रिंगा दोन ठेवायच्या हे पक्कं: पांढरी उपासाची आणि गोडाची, रंगीत बाकी सगळ्याची. (इडलीसुद्धा पांढऱ्यावर.)

9 जुलै

पांढरी रिंग आली. रताळी.

सरळ लावली तर लांबट, मध्यम रताळ्याला हाय 10 मिनिटं आणि वाफ जिरू द्यायची, शिजतात नीट. पण गोडीला कमी. गावाकडे चुलीच्या राखेत पुरलेलं रताळं का गोड लागतं याचं उत्तर वेळेत आहे. रताळ्यातल्या पिष्टाची साखर करणारं एक विकर असतं, ते साधारण 60 ते 75 अंशांच्या पट्ट्यात जोमाने काम करतं आणि पुढे जास्त तापलं की बंद पडतं. राखेत रताळं त्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळतं. कुकर तो पट्टा काही मिनिटांत ओलांडून जातो.

म्हणून आज अर्धी रताळी सरळ लावली. उरलेली आधी कोमट पाण्यात ‘कीप वॉर्म’वर तासभर ठेवली (ते बटण साधारण 65 ते 75 अंशांत राखतं), मग जाळीवर दाबात 6 मिनिटं. दुसरी स्पष्टपणे गोड. राखेइतकी नाही, कारण राखेत पाणी उडून गोडी दाटते आणि साल करपते, ते इथे होणार नाही. पण दुधात कुस्करायला साखर लागली नाही. एक तास कीप वॉर्मला वीज किती जाते ते नीट मोजलेलं नाही. नेहमीच्या 15 मिनिटांच्या कामाला हीटर सलग चालला असं धरलं तरी पाव युनिट होतं, प्रत्यक्षात त्याहून कमी.

13 जुलै

लाल भोपळा: मोठे तुकडे, 1 मिनिट, लगेच वाफ काढणे. घारग्यांसाठी हवा असेल तर 4 मिनिटं आणि पाणी निथळून. दुधी: 1 मिनिट, आणि पाणी जवळपास नकोच, तो जवळजवळ सगळा पाणीच असतो. दोडका, पडवळ, कोबी: या कुकरात काही मिळवलं असं वाटत नाही. कढईत पाच-सात मिनिटं झाकण ठेवून होतात, आणि कोबीला दाबात एक उग्र वास येतो. तक्त्यात ‘कढई’ लिहिलं.

संध्याकाळी मध्येच वीज गेली, बटाटे आत. पिन वरच. दाब होता तोवर ते शिजतच राहिले, नुसत्या उतारावर. वीज आल्यावर पॅनेल सगळं विसरलेलं. अशा वेळी पिन आपोआप खाली पडेपर्यंत झाकणाशी झटापट करायची नाही, एवढं तक्त्यावर लाल शाईने.

20 जुलै

अळूचं फदफदं. इथे कुकर जिंकला.

आंबटाचा नियम आईंनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितला होता: डाळ शिजल्याशिवाय चिंच घालायची नाही. भाज्यांच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं. ते तापून सुटलं की भाजी मऊ होते. आंबटात ते सुटायला फार वेळ घेतं, म्हणून चिंचेच्या पाण्यात डाळ टणक राहते आणि टोमॅटोच्या रश्शात बटाटा दडदडीत. गॅसवर असताना उघडून, चाखून, अंदाज घेऊन चिंच घालता येते. बंद कुकरात मधला अंदाज नसतो, त्यामुळे नियम आणखी कडक.

पण अळूला चिंच लागते ती चवीपुरती नाही. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांनी. आंबट घातल्याशिवाय अळू करू नये हे घराघरांत पाळलं जातं. मग डाळीला आंबट नको आणि अळूला हवं, हे कसं जमवायचं? क्रमाने: तळाला दोन तास भिजलेली हरभरा डाळ आणि दाणे, बुडतील इतकं पाणी, त्यावर चिरलेला अळू आणि सोललेले देठ, मुळ्याच्या चकत्या. हाय 8 मिनिटं, वाफ जिरू दिली. उघडलं, डाळ बोटाने चेपली, मग चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, बेसनाचं पाणी. परतायच्या बटणावर घोटून दहा मिनिटं चांगलं उकळलं, वरून फोडणी. अळूला कुठेही खाज नाही. दाणे गोटीसारखे अख्खे आणि मऊ. हिरव्या रंगाची इथे अपेक्षाच नसते, म्हणून फरसबीचं दुःख नाही.

पालक, मेथी, चाकवत यांना दाब नकोच. पालक कढईत दोन मिनिटांत बसतो; पिन वर येईपर्यंत इथे त्याची राख होते.

29 जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडली. झडप उघडीच ठेवायची, दाब धरू द्यायचा नाही, नाहीतर पारी चिकट होते. दाबच धरत नाही म्हटल्यावर कुकराची मिनिटं सुरूच होत नाहीत. मोबाइलवर 12 मिनिटांचा गजर. गणपतीत उकडीच्या मोदकांनाही हेच करायचं.

10 ऑगस्ट

मक्याची कणसं. अख्खी, 3 मिनिटं, लगेच वाफ. पाण्यात बुडवायची गरज नाही, जाळीवर ठेवली की गोडी पाण्यात जात नाही. तळाशी उरलेलं पाणी कणकेत.

17 ऑगस्ट

ऋषिपंचमीच्या भाजीची रंगीत तालीम. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, म्हणून परसातलं, वेलीवरचं, जमिनीत आपोआप वाढलेलं. आमच्याकडे सुरण, अळू देठांसकट, लाल माठ आणि त्याचे देठ, लाल भोपळा, दोडका, पडवळ, काकडी, भेंडी, कच्ची केळी, कणसाच्या चकत्या. फोडणी नाही, तेल नाही. मीठ, हिरवी मिरची, ओलं खोबरं, शेवटी थोडी चिंच.

विजेच्या कुकरावर हे करायचं म्हटल्यावर मला वाटलं आई नको म्हणतील. त्या म्हणाल्या, “बैल लागतो का त्याला? नाही ना? मग चालतो.”

अडचण सरळ आहे. सुरणाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पडवळाचा पत्ता लागत नाही. आणि भांडं दोन-तृतीयांश भरलं की चढ लांबते. आज तीन किलोच्या आसपास भाजी होती, पिन वर यायला 19 मिनिटं. ‘0 मिनिटं’ लावूनही खालचा भाग सपशेल शिजलेला आणि वरची भेंडी चिकट. सुरण बारीक चिरून तळाशी घातला होता, तो छान झाला. भोपळा विरघळून सगळ्याला नारिंगी रंग. चव चांगली, पण प्रत्येक भाजी वेगळी ओळखू यायला हवी हा आईंचा आग्रह, आणि तो मलाही पटतो. एकजीव झालेली ऋषींची भाजी खिचडीसारखी लागते.

28 ऑगस्ट, गुरुवार. ऋषिपंचमी

सुरण काल रात्रीच सोलून (हाताला तेल लावून), चिरून चिंचेच्या पाण्यात ठेवला. सकाळी ते पाणी टाकून दोनदा धुतला, म्हणजे खाज मारायचं काम आंबटाने आधीच केलं आणि शिजताना मात्र आंबट जवळ नाही.

पहिला फेरा: 1 कप पाणी, सुरण, अळूचे आणि माठाचे देठ, कणसाच्या चकत्या, कच्ची केळी सालीसकट, मीठ. हाय 3 मिनिटं. भांडं तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरलेलं, म्हणून चढ 9 मिनिटांची. लगेच वाफ काढली. सुरणात सुरी गेली, तुकडा मोडला नाही.

दुसरा फेरा दाबाशिवाय: वर भोपळ्याचे मोठे तुकडे, दोडका, काकडी, पडवळ, भेंडी, सगळ्यात वर अळूची आणि माठाची पानं. परतायचं बटण मंद आचेवर, साधं झाकण, 12 मिनिटं, मधे एकदाच खालीवर. पाणी वेगळं घातलं नाही. काकडी-दोडक्यानेच इतकं सोडलं की शेवटची तीन मिनिटं झाकण काढून ठेवावं लागलं. मग मिरचीचा ठेचा, चिंचेचा कोळ, पाच मिनिटं उकळी, खोबरं.

भोपळा भोपळ्यासारखा दिसत होता. भेंडी थोडी जास्त झाली, ती पुढच्या वर्षी पानांच्या बरोबर, सगळ्यात शेवटी. आईंनी ताटात एकेक तुकडा वेगळा करून बघितला, सुरण, केळं, कणीस, आणि नैवेद्य वाढला. त्यांचा ओट्यापाशी उभं राहण्याचा वेळ: चिरणं धरून फार नाही, कारण चिरलं ते खाली बसून विळीवर.

31 ऑगस्ट

तक्ता फ्रिजवर लागला. तीन रकाने केले: दाब, 0 मिनिटं आणि कढई. प्रत्येक ओळीत मिनिटांच्या आधी वजन लिहिलंय, कारण अर्धा किलोचे आकडे दोन किलोला चालत नाहीत. आईंनी स्वतःच्या अक्षरात कडेला जुन्या शिट्ट्याही लिहून ठेवल्या, पाहुणे आले आणि गॅसचा मोठा कुकर काढावा लागला तर म्हणून.

पावटा, वाल पापडी, ताजे मटार हिवाळ्यात येतील, त्या ओळी रिकाम्या. बीट काल झालं: मध्यम, अख्खं, सालीसकट, शेंडा आणि देठ इंचभर ठेवून, 1 कप पाणी, हाय 16 मिनिटं, वाफ जिरू द्यायची. चिरून लावलं तर सगळा रंग खालच्या पाण्यात जातो.